समुद्री माशांची पहिली टाकी कशी लावावी

माझ्या पहिल्या समुद्री टाकीत मी दुपारी पाणी भरलं आणि संध्याकाळी मासे सोडले. दुकानात "चालतील लगेच" असं सांगितलं होतं. आठ दिवसांत तिन्ही मासे गेले. ते उपासमारीने गेले नाहीत, त्यांना रोगही नव्हता. पाण्यात त्यांचीच घाण साठली आणि ती पचवणारं तिथे कोणीच नव्हतं. तेव्हापासून कोणी टाकीबद्दल विचारलं की मी आधी एवढंच सांगतो: पहिले सहा आठवडे मासे आणू नका.

टाकी आणि जागा

पहिली टाकी 100 ते 150 लिटरची घ्या. लहान टाकी सोपी वाटते, पण तिच्यात क्षार आणि तापमान फार लवकर वरखाली होतात. भरलेली 100 लिटरची टाकी दगड, काच धरून सव्वाशे किलोच्या पुढे जाते, म्हणून स्टँड भक्कम हवा आणि तळ सपाट. खिडकीचं ऊन टाळा. प्लगकडे जाणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

पाणी

चौपाटीवरून कॅन भरून आणू का, असं मुंबईत हमखास विचारतात. आणू नका. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. जेवणातलं मीठही चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कितीतरी क्षार असतात. त्यासाठी मरीन सॉल्ट, म्हणजे समुद्री टाक्यांसाठीच बनवलेलं मीठ लागतं.

मीठ मिसळायला आरओचं पाणी घ्या, पण घरचा प्युरिफायर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून बघा, आकडा शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात मीठ थोडंथोडं टाका आणि छोटा पंप लावून एक दिवस फिरू द्या. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम लागतं, पण डब्यावरचं प्रमाण पाहा आणि शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट घनतेचा आकडा 1.025 आला की नाही तेच धरा. पहिल्यांदा मीठ टाकीतच मिसळलं तरी हरकत नाही. मासे आल्यावर मात्र ते नेहमी बादलीतच मिसळायचं.

सहा आठवड्यांची वाट

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना मारतात, तिसरा बराच सोसवतो. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत वस्ती करतात आणि सावकाश वाढतात. म्हणून टाकीत सच्छिद्र कोरडे दगड रचा, पंप चालू ठेवा आणि बाजारातली एक कच्ची कोलंबी पाण्यात टाका. ती कुजली की अमोनिया येतो आणि जिवाणूंना खायला मिळतं. वास येईल, तो सोसावा लागतो. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजून वहीत लिहा. अमोनिया चढेल, उतरेल, मग नायट्राइट चढेल, उतरेल. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार झाली. याला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. मध्येच दगडांवर तपकिरी थर येतो. तो डायटम शेवाळाचा असतो, घाबरू नका.

दगडांवरून एक गोष्ट कळकळीने सांगतो. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कोणी "समुद्रातला खरा लाइव्ह रॉक" (जिवाणू आधीच वसलेला दगड) म्हणून प्रवाळाचे तुकडे देऊ लागला तर घेऊ नका. दगड कृत्रिम असला तरी जिवाणूंना पुरतो.

मासे

सुरुवात क्लाउनफिशच्या जोडीने करा, आणि तेही हॅचरीत जन्मलेले मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घेण्याची गरज उरत नाही. दोन पिल्लं घ्या, एक थोडं मोठं, एक लहान. सुरुवातीला कोणतंच पिल्लू मादी नसतं. जोडीतलं मोठं पुढे मादी होतं आणि लहान नर राहतं, त्यामुळे भांडण कमी होतं. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याने राहतात ते समुद्रफूल (सी ॲनिमोन) त्यांना लागतंच असं नाही, आणि नवख्याकडे ते जगत नाही. निळा टँग मासा कितीही आवडला तरी त्याला एवढी टाकी अपुरी पडते.

पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग टाकीचं पाणी थोडंथोडं तिच्यात घाला आणि मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. नंतर आणलेला प्रत्येक मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आणणारा परजीवी मुख्य टाकीत शिरला तर तांब्याचं औषध घालावं लागतं, आणि ते कोळंबी-गोगलगायींना मारतं.

रोजचं आणि आठवड्याचं

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच द्या. पाणी वाफ होऊन कमी झालं की भर मात्र गोड्या आरओ पाण्याचीच घाला. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. इथे खारं पाणी घालत राहिलं तर दिवसागणिक क्षार चढतात, आणि मासे धापा टाकू लागेपर्यंत आपल्याला पत्ता लागत नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, आणि नवीन पाण्याचं तापमान, क्षार जुन्याशी जुळवून घ्या.

पाणी 25-26 अंशांवर ठेवायचं. एप्रिल-मे महिन्यांत ते तिशीच्या वर जातं, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पाणी थंड करणारा चिलर महाग असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवू शकतो, पण वाफ वाढते, म्हणून तेव्हा रोज भर घालावी लागते. वीज गेली की पंप थांबतो आणि प्राणवायू संपू लागतो. बॅटरीवरचा एअर पंप टाकीशेजारी ठेवा आणि महिन्यातून एकदा चालवून बघा, कारण लागेल तेव्हाच सेल उतरलेले निघतात.