सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट : कानाचं ऐकू नका

धुळ्यातल्या अभ्यासिकेत स्टाफ सिलेक्शनची तयारी करणारी पोरं इंग्रजीचे 'सेंटेन्स इम्प्रूव्हमेंट'चे प्रश्न (वाक्यातला एक भाग दिलेल्या चार पर्यायांतून सुधारायचा) घेऊन येतात तेव्हा तक्रार ठरलेली असते. "दादा, चारी पर्याय माले बराबरच वाटतस."

वाटणारच. घरी अहिराणी, शाळेत मराठी. इंग्रजी कानावर पडतं ते ऑफिसातलं आणि क्लासच्या जाहिरातींतलं. तिथे 'डिस्कस अबाऊट', 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ' सर्रास चालतं. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे नेमका तोच पर्याय तो तुमच्या पुढ्यात ठेवतो. 'डिस्कस'ला काही लागत नाही, 'रिटर्न'मध्ये 'बॅक' आलंच, आणि 'कोप'ला फक्त 'विथ'. 'ऐकायला बरं वाटतं' म्हणून खूण केली की गेलाच तो प्रश्न.

माझं म्हणणं एवढंच की क्रियापद किंवा विशेषण एकटं पाठ करू नका, त्याच्या मागे येणाऱ्या शब्दासकट करा. 'इन्सिस्ट ऑन', 'केपेबल ऑफ', 'अक्यूज्ड ऑफ' पण 'चार्ज्ड विथ'. 'प्रोहिबिट'ला 'फ्रॉम' आणि पुढे आयएनजी, तर 'फर्बिड'ला सरळ 'टू'. 'रिगार्ड'ला 'अ‍ॅज' हवा. 'कन्सिडर'ला परीक्षेत तो नको.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती 'पेक्षा'त. मराठीत 'कॉफीपेक्षा चहा बरा' म्हणायची सवय, म्हणून 'प्रिफर'पुढे हात आपोआप 'दॅन'कडे जातो. तिथे 'टू' लागतो: 'आय प्रिफर टी टू कॉफी'. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर' हेही त्याच घराण्यातले. हे मूळचे लॅटिन शब्द, त्यांना 'दॅन' चालत नाही.

आता हे वाक्य बघा: 'नो सूनर हॅड द बस लेफ्ट चाळीसगाव व्हेन इट बिगॅन टू रेन.' बस सुटली न सुटली तोच पाऊस आला. अर्थ चोख लागतो, म्हणून चूक दिसतच नाही. पण 'सूनर' हे तुलनेचं रूप आहे, त्याला 'दॅन' पाहिजे. 'व्हेन' हवा असेल तर सुरुवात 'हार्डली' किंवा 'स्केअर्सली'ने करावी लागेल. अशा वाक्यात आधी पहिला शब्द धरायचा आणि त्याचा जोडीदार शोधायचा, काळ-बिळ नंतर.

'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' की 'मीटिंग'? 'टू'च्या पुढे एखादं नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू दिवाळी' जमतं ना? मग क्रियापदालाही आयएनजी लावा. 'ऑब्जेक्ट टू' आणि 'अ‍ॅकस्टम्ड टू'लाही हीच युक्ती चालते.

बाजारात हजार-हजार इडियम्सच्या याद्या मिळतात. त्या घेऊन बसू नका. मागचे पेपर सोडवा आणि चुकलेली जोडीच तेवढी वहीत उतरवा, अर्थ नको, एक पूर्ण वाक्य लिहा. काही जण जीमॅटची (एमबीए प्रवेशाच्या परीक्षेची) जुनी सेंटेन्स करेक्शनची पुस्तकं आणतात. सरावाला ती चांगली आहेत, पण परदेशी एमबीएसाठी कुणी घेत असेल तर पैसे वाचवा. 2023 च्या शेवटी आलेल्या नव्या जीमॅटमध्ये तो प्रश्नप्रकारच नाही.

सीजीएलच्या, म्हणजे स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेच्या, टियर एकमध्ये (पहिल्या टप्प्यात) 60 मिनिटांत 100 प्रश्न, त्यातले 25 इंग्रजीचे. बरोबरला 2 गुण, चुकीला 0.50 वजा. त्यामुळे दोन पर्याय नक्की उडवता आले तर उरलेल्यांपैकी एक बिनधास्त मारा, हिशोब तुमच्याच बाजूचा आहे. आणि 'नो इम्प्रूव्हमेंट'ला, म्हणजे 'वाक्य आहे तसंच बरोबर' या पर्यायाला, भिऊ नका. जोडी जुळली, कर्ता-क्रियापद जुळलं, की तोच निवडायचा आणि पुढच्या प्रश्नावर जायचं.