पवित्र शास्त्र सावकाश कसे वाचावे

पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास कोणत्याही वयात सुरू करता येतो. देवाने रात्री नावाने हाक मारली तेव्हा शमुवेल एली याजकाच्या हाताखाली सेवा करणारा लहान मुलगा होता, आणि मंदिरात बाळ येशूला ओळखणारी हन्ना अतिशय वृद्ध झालेली होती. अट घालायचीच असेल तर मी एकच घालीन: उताऱ्यात काय लिहिले आहे ते नीट पाहण्याआधी त्यातून आपल्यासाठी बोध काढण्याची घाई करू नये. लक्ष देऊन वाचण्यापासूनच प्रार्थना सुरू होते, असा माझा विश्वास आहे.

आरंभ मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून करावा. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, केवळ १६ अध्यायांचे आहे. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून क्रमाने वाचायला बसणारे अनेकजण लेवीय या तिसऱ्या पुस्तकातील नियमांपाशी येऊन थांबतात आणि मग ग्रंथ कपाटात जातो. रोज एकच प्रसंग घ्यावा, मग तो सात-आठ वचनांचा असला तरी पुरे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे क्रमांक सोळाव्या शतकातले आहेत. मूळ लेखकांनी ते घातलेले नाहीत. म्हणून प्रसंग अध्यायाच्या सीमेपलीकडे जात असेल, तर आपणही त्याच्याबरोबर पुढे जावे.

उतारा मोठ्याने वाचावा, हे मी आग्रहाने सांगते. गोव्यात या सवयीला जुनी परंपरा आहे. १५७९ मध्ये येथे आलेले येशूसंघीय (जेझुइट) फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, आणि बायबलमधील कथा साष्टीतल्या भाविकांच्या कानी मराठी ओवीतून पडल्या. ते पवित्र शास्त्राचे भाषांतर नव्हे, त्यावर आधारलेले काव्य आहे, त्यामुळे अभ्यासासाठी मूळ ग्रंथच समोर हवा. पण ऐकलेले वचन मनात अधिक टिकते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. ज्यांना मराठी आणि कोकणी दोन्ही वाचता येतात त्यांनी तोच उतारा दोन्ही भाषांत वाचावा. एकीत सवयीने डोळ्यांआड झालेला तपशील दुसरीत थांबवून धरतो.

आता प्रत्यक्ष एक उतारा घेऊ: मार्क, अध्याय १०, वचने ४६ ते ५२. यरीहोहून येशू निघतो, वाटेच्या कडेला आंधळा बार्तीमय भीक मागत बसला आहे. पहिल्या वाचनात केवळ पाहावे: कोण बोलतो, कोण गप्प बसवतो, कोण थांबतो. लोक बार्तीमयाला दटावतात, तरी तो अधिकच ओरडतो. येशू थांबतो, पण स्वतः त्याला हाक मारत नाही. ‘त्याला बोलवा’ असे सांगतो, आणि दटावणाऱ्या त्याच गर्दीतून धीराचे शब्द येऊ लागतात. येथे पुष्कळ वेळ थांबण्यासारखे आहे. मग येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? आंधळा माणूस काय मागणार हे उघड दिसत असताना हा प्रश्न कशासाठी? उत्तर शोधायला पाने पुढे न उलटता थोडी मागे उलटावीत. त्याच अध्यायात याकोब आणि योहान यांनाही येशूने जवळजवळ हाच प्रश्न विचारला आहे, आणि त्यांनी त्याच्या वैभवात उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागितल्या. शिष्यांना मान हवा आहे, भिकाऱ्याला दृष्टी हवी आहे. दृष्टी मिळाल्यावर कडेला बसलेला तो माणूस येशूच्या मागे वाटेने चालू लागतो, आणि पुढचाच प्रसंग यरुशलेमात प्रवेशाचा आहे. शेवटी मत्तय आणि लूक यांच्याकडील समांतर उतारे पाहावेत. मत्तयाकडे दोन आंधळे आहेत, लूकाकडे घटना यरीहोजवळ येताना घडते. अशा भेदांनी गोंधळू नये. ते वहीत लिहून ठेवावेत आणि पाद्रीबाबांना किंवा जाणकाराला विचारावेत.

एवढे झाल्यावर प्रार्थनेकडे वळणे सोपे जाते. बाराव्या शतकातील मठवासी दुसरा गुइगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी प्रसंगाच्या जागी स्वतःला कल्पनेने उभे करण्याची रीत शिकवली, आणि त्यांचेच सोबती संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. मात्र कल्पना उताऱ्याच्या तपशिलांना धरून असावी, म्हणून निरीक्षण आधी. त्यानंतर येशूचा प्रश्न स्वतःला विचारलेला आहे असे समजून मनापासून उत्तर द्यावे. उत्तर सुचत नसेल तर शांत बसावे. तेही प्रार्थनेत मोडते.

मुलांकडून धडा पाठ करून घेण्यापेक्षा कथा त्यांच्याच शब्दांत सांगून घ्यावी आणि त्यांचे प्रश्न उडवून लावू नयेत. डोळे थकलेल्यांनी मोठ्या अक्षरांची प्रत घ्यावी, किंवा नातवंडाकडून वाचून घ्यावे. दोघांचाही अभ्यास होतो. आठवण कमी झाली असेल तर एकच वचन आठवडाभर ठेवावे. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी लहान स्तोत्रे यासाठी फार चांगली आहेत.

रविवारच्या मिस्सेतील शुभवर्तमान तीन वर्षांच्या चक्राने येते: पहिल्या वर्षी मुख्यतः मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. शनिवारी संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपल्यावर दुसऱ्या दिवशीचा उतारा घरात एकाने मोठ्याने वाचावा, सर्वांनी थोडा वेळ गप्प राहावे, आणि मग प्रत्येकाने आपल्याला थांबवणारे वाक्य तेवढे सांगावे. स्पष्टीकरण त्या वेळी कोणीही देऊ नये. ते दुसऱ्या दिवशी प्रवचन ऐकून आल्यावर करता येते.