बुद्धिबळाच्या इंजिनला सोबत घेऊन डावाला बसण्याआधी

आधी स्पर्धेचे नियम वाचा. इंजिन, म्हणजे खेळी सुचवणारा प्रोग्रॅम, चालतं म्हणजे टेबलबेसही, म्हणजे मोजकीच मोहरी उरलेल्या स्थितींची तयार उत्तरंही, चालतातच असं नाही. चार्जर, इंटरनेट, आपोआप सुरू होणारे अपडेट बंद करणं, हे सांगायची गरज नसावी.

आता मुख्य गोष्ट. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, आणि एका खेळीवर जास्तीत जास्त किती मिनिटं, हे कागदावर लिहून ठेवा. तोंडी नको, कागदावर. मागच्या वेळी बाकी सगळं होतं, हा कागद तेवढा नव्हता. एक इंजिन हत्ती म्हणत राहिलं, दुसरं प्यादं, आणि निशाण पडलं, म्हणजे आमची वेळ संपली.

इंजिनं दोन घ्या, पण वेगळ्या घडणीची. एकाच इंजिनच्या दोन आवृत्त्या म्हणजे एकाच वैद्याला दोनदा नाडी दाखवणं. स्टॉकफिश हे इंजिन प्रोसेसरवर आणि लीला हे दुसरं ग्राफिक्स कार्डवर ठेवलं की ओढाताण कमी होते. दोन्हींत निदान तीन पर्याय दिसू द्या. तिन्ही खेळींच्या गुणांत ०.१० चाही (प्याद्याच्या दहाव्या भागाचाही) फरक नसेल तर समोरच्याला कुठली जड जाईल ते तुम्ही ठरवा. पर्याय असताना आकड्याकडे बघत बसू नका. फरक मोठा असेल तर मात्र मुकाट्यानं इंजिनचं ऐका. आणि हो, मिनिटं कागदावर लिहिलीत का?

महागडं यंत्र म्हणजे जिंकलो, असं समजू नका. १९९८ मध्ये स्पेनमधल्या लिऑनला कास्पारोव आणि टोपालोव हे दोन ग्रँडमास्टर, दोघेही संगणक घेऊन बसले आणि ३-३ अशी बरोबरी झाली. महिनाभर आधी संगणकाविना कास्पारोवनं टोपालोवलाच ४-० हरवलं होतं. २००५ ची फ्रीस्टाइल स्पर्धा, म्हणजे माणसांनी संगणकाची मदत घेऊन खेळायची स्पर्धा, स्टीव्हन क्रॅम्टन आणि झॅकरी स्टीफन या दोन हौशी खेळाडूंनी तीन संगणकांवर जिंकली, ग्रँडमास्टर असलेल्या संघांना मागे टाकून. कुठल्या इंजिनला कधी आणि काय विचारायचं, याची त्यांची पद्धत पक्की होती. पद्धत, म्हणजे पुन्हा तोच कागद.

सहा मोहऱ्यांपर्यंतचा सिझिजी टेबलबेस साधारण १५० जीबीचा आहे, आदल्या रात्री डाउनलोड करायला बसू नका. सात मोहऱ्यांच्या नादी तर लागूच नका.

सलामीच्या ओळी तपासा. घड्याळ लावून एक सराव डाव. बरोबरीचा प्रस्ताव कोण देणार, तेही कागदावर. झोप. बाकी तुमचं तुम्ही बघा.