व्हीईपी शिकताय? आधी पडदा तपासा

व्हीईपी म्हणजे डोळ्यांना काही दाखवून मेंदूचा विद्युत प्रतिसाद मोजायची तपासणी. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी सेकंदाला दोनदा उलटवायच्या, डोक्याच्या मागच्या इलेक्ट्रोडवरून प्रतिसाद गोळा करून सरासरी काढायची आणि 100 मिलिसेकंदांच्या आसपास येणारं शिखर, म्हणजे पी-100, मोजायचं. हे तुम्हाला येत असणारच. मी अडकले ते पडद्यावर.

बेळगावात मी शिकत होते त्या सेंटरमध्ये जुना पिक्चर ट्यूबचा मॉनिटर गेला आणि सपाट एलसीडी आला. तेव्हापासून खानापूरचे मामा असोत की कॉलेजची पोरगी, सगळ्यांचं पी-100 उशिरा. माझंसुद्धा! वरिष्ठ म्हणाले, "मशीन दाखवतंय ते लिही की गं." असल्या गुरूंपासून चार हात लांब राहा.

होतं असं की कॉम्प्युटर चौकटी उलटवायचा हुकूम देतो आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करतो. ट्यूबवर चित्र जवळपास लगेच उमटायचं. एलसीडी आधी फ्रेमवर प्रक्रिया करतो, मग त्याचे पिक्सेल सावकाश पालटतात. मेंदूला अजून काही दिसलेलंच नाही आणि घड्याळ मात्र पळतंय. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची. एक-दोन फ्रेम उशीर झाला की धडधाकट माणूस रिपोर्टात आजारी. ऑप्टिक न्यूरायटिसमध्ये, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज आली की, हे शिखर लांबतं, हे हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये दाखवलं. त्यामुळं डॉक्टर लांबलेला आकडा बघून थेट एमआरआय लिहितात. शिवाय काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं एकाच वेगानं होत नाही, म्हणून उलटताना पडदा क्षणभर लुकलुकतो आणि चौकटींच्या प्रतिसादात उजेडाचा प्रतिसाद मिसळतो.

उपाय साधा आहे. पडद्यावर फोटोडायोड (उजेड पडताच सिग्नल देणारा छोटा सेन्सर) चिकटवा, त्याचा सिग्नल मोकळ्या चॅनेलला द्या आणि हुकूम व उजेड यांतलं अंतर मोजा. ते दर वेळी तेवढंच येत असेल तर वजा करता येतं. कमी-जास्त होत असेल तर तो पडदा बाद. मग त्याच पडद्यावर निरोगी माणसं बसवून स्वतःचे नॉर्मल आकडे काढा. पुण्याच्या लॅबचा तक्ता झेरॉक्स करून भिंतीला लावणं ही शुद्ध फसवणूक आहे, माझं मत. पडदा बदलला की सगळं पुन्हा.

एकाच डोळ्याला उशीर दिसला तर मात्र पडद्यावर ढकलू नका, पडद्याचा उशीर दोन्ही डोळ्यांना सारखाच. चष्मा घातलाय का बघा, दुसऱ्यांदा रेकॉर्ड करा, तरी तसंच आलं तर निःसंकोच लिहा.

बाकीचं जमतं, घाबरू नका. केसांना खोबरेल चोपडून आलेल्या आजींची टाळू नीट घासा, इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीतला विद्युत अडथळा) 5 किलोओहमच्या खाली येतो. पडदा डोळ्यांपासून 57 सेंटिमीटरवर असेल तर डोळ्याशी एक अंशाचा कोन करणारी चौकट एक सेंटिमीटरची, पट्टीनं मोजता येते. आणि गोकाक-अथणीकडचे पेशंट मराठीत सांगूनही पडद्यावरच्या लाल ठिपक्यावरून नजर हलवत असतील तर कन्नडमध्ये "केंपु चुक्की नोड्री" (लाल ठिपका बघा) म्हणा, लगेच स्थिर बसतात.