कोडिंग येत नाही? मराठी येते ना! ओपन सोर्स भाषांतर असं सुरू करा

आमच्या नागपूरचे पोट्टे मला नेहमी म्हणतात, ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, काही करावं वाटते पण कोडिंग येत नाही. अरे भाऊ, मराठी तर येते ना? फायरफॉक्स ब्राउझर, टायपिंग-हिशेबाचं लिब्रेऑफिस, वेबसाइट बनवायचं वर्डप्रेस हे सगळं मराठीत आणायचं काम लोक घरी बसून, पैसे न घेता करतात. आमच्या शेजारचे काका लिब्रेऑफिसमध्ये सोसायटीच्या नोटिसा टाइप करतात, आधी मेनू वाचायला दरवेळी मला बोलवायचे, मराठी लावून दिलं तेव्हापासून स्वतःच करतात. मला हे काम त्यांच्यासाठी करावं वाटते.

सगळ्यात आधी, जे सॉफ्टवेअर रोज वापरता तेच घ्या आणि आठवडाभर मराठीत वापरा. बटणं सापडणार नाहीत, त्रास होईल, पण काय खटकते ते तेव्हाच कळते. खटकलं की स्क्रीनशॉट काढून ठेवा. बहुतेक जण हे गाळून थेट भाषांतराला बसतात अन् तिथेच चुकतात, कारण तिथे एक सुटा शब्द समोर येतो, तो स्क्रीनवर कुठे बसणार ते दिसत नाही. 'ओपन' फाइल मेनूत असेल तर 'उघडा', दुकानाच्या वेळेपुढे असेल तर 'सुरू'.

फायरफॉक्सचं काम पाँटून नावाच्या भाषांतराच्या साइटवर चालते, लिब्रेऑफिसचं वेबलेट नावाच्या तशाच साइटवर, वर्डप्रेसची स्वतःची ट्रान्सलेट साइट आहे. अकाउंट काढा, मराठी निवडा. नवीन माणसाचं भाषांतर बहुतेक ठिकाणी आधी सजेशन म्हणून जाते, टीममधलं कोणीतरी तपासते, मगच लागते, त्यामुळे आपल्या हातून सगळं बिघडेल ही भीती सोडा. पहिल्या दिवशी दहाच स्ट्रिंग (स्क्रीनवर दिसणारे सुटे शब्द नाहीतर वाक्यं) करा. अन् मशीनचं भाषांतर सरसकट चिकटवू नका, तपासणाऱ्याचा जीव जातो.

आता खरी मेहनत. टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं इंग्रजी अक्षर दिसलं की समजा तिथे प्रोग्राम चालताना नाव नाहीतर आकडा येऊन बसणार. ते पुसायचं नाही, पण भोवतीचं वाक्य मात्र मराठीतच विचार करून लिहायचं. त्या जागी कधी फाइल येते, कधी फोल्डर. 'हटवली' लिहिलं तर फोल्डरला चालत नाही, 'हटवला' लिहिलं तर फाइलला नाही, इंग्रजीला ही अडचणच नाही. मी सरळ 'हटवून झालं:' लिहितो आणि नाव पुढे ठेवतो. 'वीसपैकी पाच'चंही तसंच, इंग्रजीत पाच आधी, आपल्यात वीस आधी, म्हणून दोन्ही जागांना नंबर देऊन क्रम फिरवावा लागतो, नुसतं वाक्य उलटवलं तर स्क्रीनवर '5 पैकी 20' येते. एकवचन-अनेकवचनाचे दोन खण असतात, 'दिवस' दोन्हीकडे सारखाच असला तरी दुसरा रिकामा सोडू नका.

फाइल, फोल्डर, पासवर्ड हे शब्द राहू द्या, लोक तेच बोलतात. टीमची शब्दसूची असेल तर तीच पाळा, एका ठिकाणी 'जतन करा' आणि दुसऱ्या ठिकाणी 'साठवा' असं झालं की वाचणारा गोंधळतो. आपण 'डाउनलोड होऊन राहिलं' म्हणतो, पण ते कोल्हापूरच्या माणसालाही वाचायचं आहे, म्हणून 'डाउनलोड होत आहे'.

टायपिंगचं एक सांगतो. 'सक्करदऱ्यात' (सक्करदरा हा आमच्या नागपूरचा भाग) किंवा 'वऱ्हाड' नीट लिहून पहा. इनस्क्रिप्ट या कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून J दाबलं की ऱ येतो, मग D वर हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), पुढे 'वऱ्हाड'मधल्या ह साठी U. साधा र घेतला तर डोक्यावर रफार बसतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा दर्या होतो.

माझ्या सुरुवातीच्या बऱ्याच स्ट्रिंग परत आल्या होत्या, एका ताईंनी प्रत्येकीखाली कारण लिहिलं होतं, ती कारणं मी अजून जपून ठेवली आहेत. तुमच्याही आल्या तर वाईट वाटून घेऊ नका, विचारा. अन् मंजूर झालेलं लगेच दिसत नाही, पुढचं व्हर्जन येऊ द्या. आलं की आधी तुमचं बटण उघडून पहा, शब्द अर्धा कापला गेला असेल तर छोटा शोधून परत पाठवा.