९०चा केडन्स तुमचा नाही

माझी पहिली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, शिरवळच्या टपरीवर संपली. साडेतेरा तासांच्या मुदतीतला वेळ हातात होता, पुणं पन्नासेक किलोमीटरवर होतं, पण पाय पार रिकामे झाले होते. सायकल टेम्पोत चढवली. आजही आठवलं की घसा दाटतो.

खंबाटकी घाटाने मला मारलं नाही. चूक कात्रजच्या आधीच सुरू झाली होती. ग्रुपमधले मुरलेले दादा ९०च्या केडन्सने, म्हणजे मिनिटाला पेडलच्या ९० फेऱ्यांनी चालवतात, म्हणून मीही हलका गिअर टाकून ९० धरून बसलो. हे नीट समजून घ्या, नवे लोक इथेच फसतात. पायांना स्वतःचं वजन असतं. ते मिनिटाला ९० वेळा फिरवायलाच ऊर्जा जाते, चाकाला जोर मिळो न मिळो. दादा २०० वॉटच्या पुढे काढतात. तेवढ्या ताकदीत हा खर्च त्यांना परवडतो आणि दर फेरीचा दाब कमी राहिल्याने मांड्या टिकतात. मी जेमतेम १०० वॉटवाला. इतक्या कमी जोराला ६०-७०च्या केडन्सवर ऑक्सिजन कमी लागतो. म्हणजे तोच वेग मी महागात घेत होतो, तासन्‌तास.

पण म्हणून ४०च्या केडन्सवर भारी गिअर रेटत बोपदेव घाट चढायला जाऊ नका, गुडघे धरतील.

आणि घाबरूही नका. शरीराने खर्च केलेल्या १०० कॅलरींतल्या साधारण २०-२५च पेडलपर्यंत पोचतात, बाकीची उष्णता होते. अनुभवी माणसाचंही जवळपास तेच. तो फक्त उधळत नाही. छोट्या चढाला उसळत नाही, वाऱ्यात पुढच्याच्या चाकामागे राहतो आणि भुकेआधी खातो. स्नायू आणि यकृतात मिळून साखरेचा साठा ४००-५०० ग्रॅम, बस्स. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायलाच हवीत. मी पहिलं केळं खंबाटकी चढून गेल्यावर खाल्लं होतं.

कार्बनची चाकं घे म्हणणारे बरेच भेटले. पहिल्या वर्षी ती नकोतच, हे माझं ठाम मत. मला मार्गावर आणलं ते खडकवासल्याला रोज येणाऱ्या एका काकांनी. ‘‘बोलत चालव. वाक्य तुटायला लागलं की गिअर बदल,’’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या २००ला मीटरवरचा केडन्सचा रकाना मी चिकटपट्टीने झाकला. शिरवळला थांबलो, दोन केळी खाल्ली आणि निघालो.