ग्रामीण महाविद्यालयाजवळ खोली शोधताना

विदर्भातील अनेक महाविद्यालये गावाबाहेर, हमरस्त्यावरील एखाद्या फाट्याजवळ आहेत. वसतिगृहातील जागा भरल्या की उरलेल्यांना फाट्यावर, लगतच्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी खोली पाहावी लागते. ही शोधाशोध बहुधा प्रवेशाच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात होते. त्या वेळी विहिरींना पाणी असते, हवा गार असते आणि कोणतीही खोली बरी वाटते. म्हणून खोली पाहताना मे महिना डोळ्यांपुढे ठेवावा.

जाहिरातींवर फारसे अवलंबून राहू नये. फाट्यावरचे झेरॉक्सचे दुकान, खानावळ आणि महाविद्यालयातील शिपाई यांना कोणाची खोली रिकामी आहे, हे आधी कळते. खोली प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मोबाइलवरून पैसे मात्र पाठवू नयेत.

भाड्याच्याही आधी पाण्याची चौकशी करावी. नळ किती दिवसांआड येतो, टाकी किती जणांत आहे, उन्हाळ्यात बोअर आटते का, टँकर मागवावा लागल्यास पैसे कोण देतो, हे घरमालकाला विचारावेच. परंतु त्याच आवारात मागचा उन्हाळा काढलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर अधिक भरवशाचे असते. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट असल्याने ‘बोअरला चोवीस तास पाणी’ या आश्वासनाने पिण्याच्या पाण्याची सोय होत नाही. तेथे कॅनचा मासिक खर्च भाड्यातच धरून हिशेब करावा. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड आढळते व ते चवीवरून ओळखू येत नाही. त्यामुळे पाणी तपासणीच्या अहवालाची विचारणा ग्रामपंचायतीत करावी.

खोली दुपारी दोन-तीनच्या सुमारास पाहावी. पारा 45 अंशांच्या आसपास गेला की टिनाखालची खोली दिवसा राहण्याजोगी उरत नाही, आणि वरच्या मजल्यावरची स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तळमजल्याच्या खोलीला थोडे अधिक भाडे पडले तरी, माझ्या मते, तीच घ्यावी. कूलर लावायला खिडकी आहे का, एवढेच पाहणे पुरेसे नाही. समोरच्या बाजूने हवा बाहेर पडायला दुसरी खिडकी किंवा झरोका नसेल, तर कूलर तीच दमट हवा फिरवत राहतो आणि अंगाचा चिकचिकाट वाढतो. सबमीटर असल्यास राहायला येण्याच्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून तो घरमालकाला पाठवावा आणि प्रतियुनिट दर आधीच ठरवावा. कूलरचे वेगळे ठोक पैसे घेतले जातात का, हेही विचारून घ्यावे.

तालुक्याच्या ठिकाणी राहून ये-जा करायची असेल, तर एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना 66.67 टक्के सवलत मिळते. मात्र प्रात्यक्षिके संपल्यावर परतीची शेवटची गाडी मिळते का आणि ती फाट्यावर थांबते का, हे आगारातील वेळापत्रकावर न विसंबता रोज ये-जा करणाऱ्यांकडून जाणून घ्यावे. मुलींनी थांब्यापासून खोलीपर्यंतचा रस्ता अंधार पडल्यावर पालकांसह एकदा चालून पाहावा, तसेच घरमालकाचे कुटुंब तेथेच राहते का आणि शौचालय खोलीला लागून आहे की आवाराच्या टोकाला, हेही पाहून घ्यावे.

व्यवहार तोंडी ठेवू नये. डिपॉझिट किती, ते कधी परत मिळणार, सुट्टीतील महिन्यांचे भाडे द्यायचे का, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना किंवा अनुसूचित जमातींसाठीची स्वयं योजना यांतून निर्वाहाची रक्कम मिळवायची असल्यास खोली भाड्याची असल्याचा पुरावा लागतो. काही घरमालक असा कागद द्यायला कचरतात. म्हणून डिपॉझिट हाती देण्यापूर्वीच तसे स्पष्ट विचारावे आणि नकार आल्यास दुसरी खोली पाहावी.